कुऱ्हाडीचा दांडा

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण आपल्याकडे लहान पोरासही पाठ असते. परंतु तो दांडा कोणत्या रानात वाढला, त्यास पाणी कोणी घातले आणि तो किती किमतीस विकला गेला, याची चौकशी करण्याच्या भानगडीत आपण सहसा पडत नाही. फितुरीची गोष्ट निघाली की सूर्याजी पिसाळाचे नाव घ्यावे, दोन शिव्या हासडाव्या आणि कर्तव्य संपले असे समजून आपल्या कामास लागावे, अशी आपली रीत आहे. १६८९ साली रायगड मोगलांच्या हाती पडला तो वाईच्या देशमुखीच्या लोभाने झालेल्या फितुरीमुळे, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. ती कितपत खरी, याविषयी इतिहासाच्या अभ्यासकांत मतभेद आहेत आणि तो वाद येथे उकरून काढण्याची आमची इच्छा नाही. आमचे म्हणणे इतकेच की, सगळ्या फितुरीचे ओझे एका मेलेल्या माणसाच्या माथी मारले म्हणजे जिवंत माणसांची झडती घेण्याचे कारण उरत नाही. आणि हीच सोय आपणांस फार प्रिय झाली आहे.

पैशासाठी देश विकणारा म्हणजे कोणी शिंगाशेपटाचा राक्षस असला पाहिजे, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती असणे साहजिकही आहे; कारण तो राक्षस ठरला की आपण आपोआप देव ठरतो. परंतु ज्या प्रकरणांचा छडा लागून न्यायासनाचा निर्णयही होऊन गेला आहे, त्यांची हकीकत शांतपणे वाचून पाहिली तर निराळेच चित्र दिसते. जे खटले आज न्यायालयांपुढे आहेत त्यांविषयी लिहिणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. म्हणून एक अमेरिकेतील व एक आपल्या दिल्लीतील, अशी दोन जुनी प्रकरणे आज वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

अमेरिकेच्या सीआयए या हेरखात्यात आल्ड्रिच एम्स नावाचा एक अधिकारी होता. त्याच्या बापानेही त्याच खात्यात नोकरी केलेली. सोविएत हेरांच्या कारवायांवर नजर ठेवणाऱ्या शाखेत त्याची नेमणूक झाली होती. म्हणजे जामदारखान्याच्या किल्ल्या ज्यांच्या कमरेला, त्यांपैकीच हा एक गृहस्थ. दारूचे व्यसन, घटस्फोटाचा खर्च आणि नव्या संसाराची हौस यांमुळे तो कर्जात बुडाला. १९८५ सालच्या एप्रिल महिन्यात तो वॉशिंग्टन येथील सोविएत वकिलातीत आपण होऊन गेला आणि त्याने ५०,००० डॉलरांची मागणी केली. कोणी त्यास धमकावले नव्हते, कोणी भुलवून नेले नव्हते, किंवा कम्युनिस्ट मताची दीक्षाही त्याने घेतली नव्हती. अंगावर कर्ज होते आणि हाताशी विकण्याजोगा माल होता, इतकाच काय तो प्रकार! आपण पहिल्याने दिलेली नावे निरुपयोगी होती, हा एकवारचा व्यवहार होता आणि त्यात कोणाचे नुकसान नव्हते, अशी आपण मनाची समजूत घातली होती, असे त्याने पुढे स्वतःच सांगितले. ही समजूत दोन महिनेही टिकली नाही. त्याच सालच्या जून महिन्यात त्याने सोविएत संघात अमेरिकेसाठी गुप्तपणे काम करणाऱ्या प्रमुख माणसांची नावे सोविएतांच्या स्वाधीन केली. त्यांतील निदान दहा जणांस प्राणास मुकावे लागले. एम्स यास मात्र नऊ वर्षांत वीस लाख डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली.

मारल्या गेलेल्यांत दिमित्री पोल्याकोव्ह नावाचा एक सोविएत सेनाधिकारी होता. त्यास १९८८ साली देहान्त शिक्षा झाली. कोणी म्हणेल, तोही आपल्या देशाचा द्रोहीच नव्हे काय? या प्रश्नास बगल देण्याची आमची इच्छा नाही. त्याचे कृत्य योग्य होते की अयोग्य, याचा निवाडा त्याच्या देशाचे लोक करतील. परंतु दोन दशकांहून अधिक काळ जिवावर उदार होऊन केलेल्या कामाबद्दल तो हत्यारे-अवजारे, शिकारीचे व मासेमारीचे साहित्य अशा किरकोळ वस्तूंपलीकडे फारसे काही घेत नसे, ही गोष्ट नोंदलेली आहे. त्याने पणास लावले ते स्वतःचे डोके. एम्सने विकली ती दुसऱ्यांची डोकी. या दोघांस एकाच तागडीत घालणे आमच्याने होत नाही.

आता व्यापारी वाचकांनी पुढील मजकुराकडे विशेष लक्ष द्यावे. एम्सचा वार्षिक पगार सत्तर हजार डॉलरांच्या आत होता. असे असता १९८९ साली त्याने ५,४०,००० डॉलरांचे घर रोख पैसे मोजून घेतले आणि तो जॅग्वार मोटारीतून कचेरीस जाऊ लागला. बायकोचे कोलंबियातील माहेर श्रीमंत आहे, असे त्याने सांगितले आणि ज्यांचा धंदाच संशय घेण्याचा, त्यांनी ते मुकाट्याने ऐकून घेतले. १९८६ साली व पुन्हा १९९१ साली खोटे ओळखण्याच्या यंत्रापुढे त्यास बसविले. दोन्ही वेळा तो सहीसलामत सुटला. अखेर त्याची चोरी उघडकीस आणण्यास साहाय्य झाले ते दोन याद्यांचे. सोविएत वकिलातीतील गृहस्थाबरोबर एम्सने कोणत्या तारखांस भोजन घेतले, याची एक यादी आणि बँकेत त्याने कोणत्या तारखांस भरणा केला, याची दुसरी. १९९२ साली या याद्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा आज भोजन आणि त्याच दिवशी किंवा पाठोपाठ भरणा, असा हिशेब दिसू लागला. आपल्या बाजारातील कोणताही जुना मुनीम रोजकीर्द आणि खतावणी ताडून जे काम एका दुपारी करील, ते जगातील एका बलाढ्य हेरखात्यास सुचावयास सात वर्षे लागली! १९९४ च्या फेब्रुवारीत एम्स पकडला गेला आणि त्यास जन्मठेप झाली.

आता दिल्लीकडे वळू. ज्या १९८५ सालात एम्स वॉशिंग्टनमध्ये दुकान मांडीत होता, त्याच सालच्या जानेवारीत दिल्लीतील तसलेच एक दुकान उघडकीस आले. मुंबईच्या एका पेढीचा दिल्लीतील व्यवस्थापक कुमार नारायण हा त्याचा सूत्रधार. पूर्वी तो सरकारी कचेरीत लघुलेखक होता. त्यामुळे निरनिराळ्या खात्यांतील लघुलेखक आणि स्वीय सहायक यांच्याशी त्याची जानपहचान होती. आरंभी त्यास हवी असे ती व्यापाराच्या उपयोगाची माहिती: आयातीचे धोरण काय ठरत आहे, सरकार कोणता माल खरेदी करणार आहे, कोणता कागद कोणाच्या मेजावर अडला आहे. पुढे मागणी वाढली तसा मालही वाढला. पंतप्रधानांच्या कार्यालयातील, संरक्षण खात्यातील आणि खुद्द आपल्या हेरखात्यांचे गुप्त कागद कचेरीतून बाहेर पडत, त्यांच्या नकला निघत आणि मूळ कागद पुन्हा जागच्या जागी जाऊन बसत. गिऱ्हाइकांत फ्रान्स, पोलंड आणि तेव्हाचे पूर्व जर्मनी या देशांच्या वकिलातींतील लोक होते. बोभाटा होताच फ्रेंच वकिलातीतील एक लष्करी अधिकारी मायदेशी निघून गेला आणि फ्रान्सला आपला राजदूतही परत बोलवावा लागला.

आणि या मालाची किंमत काय? एम्सला निदान लक्षावधी डॉलर तरी मिळाले. दिल्लीच्या या कारकून मंडळीस मिळत होत्या त्या मद्याच्या बाटल्या आणि थोडीबहुत रोकड! पंतप्रधानांच्या टेबलावरचा कागद एका बाटलीस विकला जातो, हे ऐकून त्या वेळी लोकांनी तोंडात बोटे घातली. आम्हांस मात्र किंमत कमी होती यापेक्षा ती ठरलेली होती, याचेच भय अधिक वाटते. ज्या वस्तूचा भाव ठरतो, तिचा बाजार पूर्वीपासून भरत असला पाहिजे.

या प्रकरणात पंतप्रधानांचे प्रमुख सचिव पी. सी. अलेक्झांडर यांच्याच कार्यालयातील माणसे गुंतली होती. त्यांच्या स्वतःवर कोणताही आरोप नव्हता. तरी आपल्या हाताखाली हे घडले म्हणून त्यांनी राजीनामा दिला. पुढे १९९३ ते २००२ पर्यंत ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते, हे वाचकांस स्मरत असेल. हाताखालच्या माणसाच्या पापाचा वाटा वरिष्ठाने आपल्या शिरी घ्यावा, हा दंडक आज किती कचेऱ्यांत पाळला जातो, याचा विचार ज्याचा त्याने करावा. खटल्याची गती मात्र आपल्या नेहमीच्या शिरस्त्याची राहिली. न्यायालयाचा निर्णय आला २००२ साली, म्हणजे सतरा वर्षांनी. कित्येक माजी सरकारी नोकरांस दहा दहा वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. परंतु मुख्य आरोपी तत्पूर्वीच, २००० साली, मरण पावला होता. सतरा वर्षांनी येणाऱ्या दंडाची जरब कोणास वाटणार?

येथवर वाचून आमचे व्यापारी बंधू मान डोलावीत असतील. आता जे लिहावयाचे आहे ते त्यांपैकी काहींस रुचणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे. परंतु वर्गणीदाराच्या मर्जीसाठी जे वर्तमानपत्र गप्प बसते, त्याने फितुरीवर अग्रलेख लिहू नये. दिल्लीच्या त्या कारकुनास कागद विकण्याची सवय प्रथम कोणी लावली? परदेशच्या वकिलाने नव्हे. निविदा उघडण्यापूर्वी दुसऱ्याचा भाव कळावा म्हणून ज्याने चिरीमिरी दिली, फाइल पुढे सरकावी म्हणून ज्याने तिच्यावर वजन ठेवले, दिवाळीस मिठाईच्या पेटीत पाकीट घालून ज्याने ते साहेबांच्या घरी पोहोचविले, त्या आपल्याच प्रतिष्ठित बांधवाने ती लावली. परदेशचा गुप्तहेर नवा रस्ता खणीत बसत नाही. आपण रोजच्या रहदारीने मळवून ठेवलेल्या पायवाटेने तो बिनबोभाट आत येतो. कारकुनाच्या मनाने ‘हा कागद माझा नाही, मी त्याचा राखणदार आहे’ ही मर्यादा एकदा ओलांडली की, पुढचा गिऱ्हाईक देशी की परदेशी, कागद सिमेंटचा की तोफांचा, हा फरक केवळ दराचा उरतो.

यावर काही आक्षेप येतील, ते आम्ही आधीच घेतो. पहिला असा की, ‘चहापाणी दिल्यावाचून धंदा चालत नाही, निविदा म्हणजे काही देश नव्हे.’ निविदा म्हणजे देश नव्हे हे आम्हांस मान्य आहे. चिरीमिरी देणारा प्रत्येक मनुष्य देशद्रोही आहे, असे म्हणण्याचा वेडेपणा आम्ही करीत नाही. परंतु ज्या दाराची कडी आपण आपल्या सोयीसाठी ढिली केली, ते दार चोरासाठी घट्ट राहील, ही अपेक्षा कोणत्या शहाणपणात बसते? धंदा चालत नाही म्हणाल, तर ज्याचा धंदा माप आणि भाव यांवर चालत नाही त्याने आपली हुशारी निराळ्या नावाने ओळखावी. शिवाय २०१८ सालच्या दुरुस्तीने लाच देणाराही कायद्याने सरळ गुन्हेगार ठरला आहे. ज्यास बळजबरीने लाच द्यावी लागली त्याने सात दिवसांच्या आत अधिकाऱ्यांस कळविल्यास त्याला संरक्षण आहे. तेव्हा ‘आम्ही नाइलाजाने दिली’ हे सांगण्याची जागा आता दुकानाची गादी नसून पोलीसचौकी आहे.

दुसरा आक्षेप गरिबीचा. कारकुनास पगार पुरत नाही, म्हणून तो विकला जातो, असे पुष्कळ दयाळू लोक म्हणतात. पगार पोटापुरता असावा, हे आम्हीही म्हणू. पण एम्स उपाशी नव्हता. आणि त्याच्या पगाराच्या कितीएक पट कमी वेतनावर आपल्याकडचे हजारो शिपाई, तारायंत्रवाले आणि पहारेकरी जन्मभर सरकारी गुपिते राखून गेले व त्यांची नावेही कोणास ठाऊक नाहीत. कौटिल्याने आपल्या अर्थशास्त्रात शत्रूच्या हाती लागण्याजोग्या माणसांचे चार वर्ग सांगितले आहेत: रागावलेले, लोभी, भ्यालेले आणि मानी. त्यांत दरिद्री हा वर्ग नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. लोभ रिकाम्या पोटातच जन्मतो असे नाही. पुष्कळदा तो शेजाऱ्याच्या नव्या मोटारीकडे पाहून जन्मतो.

तिसरा प्रकार आक्षेपाचा नव्हे, आरडाओरडीचा आहे आणि तो आम्हांस सर्वांत घातक वाटतो. फितुरीची बातमी आली की आरोपीची जात कोणती, धर्म कोणता, प्रांत कोणता, याची चौकशी आधी आणि पुराव्याची मागाहून, असा एक वर्ग समाजात आहे. १८९४ साली फ्रान्समध्ये हेच झाले. जर्मनांस लष्करी कागद विकल्याचा आळ आल्फ्रेड ड्रायफस या अधिकाऱ्यावर आला. तो यहुदी होता, आणि त्या काळच्या फ्रेंच लष्करात तेवढे पुष्कळ झाले. खरा विकणारा होता एस्टरहाझी नावाचा कर्जबाजारी उमराव. ड्रायफसच्या कपाळीचा कलंक पुसला जाण्यास १९०६ साल उजाडावे लागले. फ्रान्स दूर वाटत असेल तर केरळ जवळ आहे. ज्या १९९४ साली एम्स पकडला गेला, त्याच सालच्या नोव्हेंबरात अंतराळ संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांस अग्निबाणाची गुपिते परक्यांस विकल्याच्या आरोपावरून अटक झाली. वर्तमानपत्रांनी रसभरित कथा छापल्या, रस्त्यात लोकांनी धिक्कार केला. १९९६ साली केंद्रीय तपास विभागाने हे सारे प्रकरण निराधार ठरविले. आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ५० लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम केला. चोवीस वर्षांचे आयुष्य ५० लाखांत भरून येते काय? या पापात आमच्या धंद्याचा, म्हणजे वर्तमानपत्रांचा, वाटा लहान नव्हता, हे आम्ही लाजेने कबूल करतो.

एकाच सालच्या या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्या. अमेरिकेत पैशाचा डोंगर डोळ्यांपुढे उभा असता कोणी पाहिला नाही. केरळात विकल्याचा पुरावा नसता एका निरपराध्यास बेड्या पडल्या. दोन्ही ठिकाणी चूक एकच: हिशेब पाहावयाचा सोडून माणसाचे तोंड पाहिले. फितुरास जात नसते, धर्म नसतो, प्रांत नसतो. पण त्याचा जमाखर्च असतो. तो तपासावा. बाकीच्या वल्गना खऱ्या चोरास पळून जाण्यास सवड देतात.

मग करावे काय? आमची पहिली सूचना कित्येकांस उलटी वाटेल. गुप्त ठेवावयाचे कागद कमी करावेत. १९२३ साली परक्या राज्यकर्त्यांनी शासकीय गुपितांचा कायदा केला तो प्रजेपासून कारभार झाकून ठेवण्यासाठी. स्वराज्य आले, राज्यघटना झाली, तरी ती वृत्ती गेली नाही. रस्त्याच्या कंत्राटापासून धान्याच्या कोट्यापर्यंत सगळ्यावर पडदा. आणि जेथे सगळेच गुप्त, तेथे खरे गुपित कोणते हे राखणदारालाही उमजत नाही. शिवाय जो कागद लोकांस हक्काने मिळावयास हवा तो अडवून ठेवला की त्यास बाजारभाव येतो आणि कारकुनास दुकान उघडण्याची बुद्धी होते. २००५ साली देशास माहितीच्या अधिकाराचा कायदा मिळाला. महाराष्ट्राने तर अण्णा हजारे यांच्या चळवळीनंतर आपला कायदा त्याआधीच केला होता. २००६ साली प्रशासन सुधारणा आयोगाने १९२३ चा जुना कायदा रद्द करण्याची शिफारसही केली. उघडे ठेवण्याजोगे ते सारे उघडे करावे, आणि उरलेल्या मूठभर खऱ्या गुपितांवर डोळ्यांत तेल घालून पहारा करावा, हाच राजमार्ग आहे.

दुसरी सूचना अशी की, ज्यांच्या हाती अशी गुपिते आहेत, त्यांची मिळकत व कर्ज यांचा आढावा ठरल्या वेळी, नेमाने आणि शिपायापासून सचिवापर्यंत सर्वांचा सारखा घेतला जावा. यात अपमान मानण्याचे कारण नाही. पेढीवर सायंकाळी रोकड मोजतात, ती काय गुमास्ता चोर म्हणून? कर्जात बुडालेला नोकर आढळला तर त्यास शत्रूच्या दारी जाण्याआधी वरिष्ठाच्या दारी येण्याची वाट मोकळी असावी. कौटिल्यानेही असंतुष्ट माणसांवर हेर ठेवण्याइतकेच त्यांचे समाधान करण्यास महत्त्व दिले आहे. आणि खटला उभा राहिलाच तर त्याचा निर्णय दोन-तीन वर्षांत लागावा. म्हणजे अपराध्यास जरब बसेल आणि निरपराध्याचे आयुष्य फुकट जाणार नाही.

तिसरी सूचना सरकारास नव्हे, वाचकहो, आपणांस आहे. तिला कायदा नको, आयोग नको, खर्चही नको. पुढच्या वेळी कचेरीच्या दारात जो कोणी कानाशी लागून म्हणेल, ‘शेठजी, आतला कागद दाखवतो, बघा काय ते,’ त्यास तेथल्या तेथे नकार द्यावा. त्या नकारामुळे एखादे कंत्राट हातचे जाईल. ते जाऊ द्यावे. आपल्या मुलांपुढे रायगडाच्या गोष्टी सांगताना ज्या वतनाच्या लोभास आपण थुंकतो, त्याच लोभाची धाकटी भावंडे आपल्या कपाटात पाकिटे भरीत बसली असतील, तर त्या थुंकण्यास काय अर्थ राहिला? कुऱ्हाडीचा दांडा परक्याच्या रानातून येत नाही. तो आपल्याच रानात वाढतो. आणि त्यास पाणी घालावयाचे की नाही, हे आपल्याच हाती आहे.